जेवणानंतरचं पहिलं झाकण

साहेबांनी झाकणाच्या एका कोपऱ्यावर बोट दाबलं. टक्. बोट उचललं. पुन्हा टक्.

“ऐकलंत?” ते म्हणाले. “ह्याला झाकण म्हणायचं की खुळखुळा?”

खरेदीवाले हसले. साहेब काहीही बोलले की ते हसत, जणू त्यांची नेमणूकच त्यासाठी झाली होती. लॅबबाई हसली नाही. ती एरवीही फारशी हसत नसे, बोलतही नसे. कारखान्यातले लोक पाठीमागे तिला थर्मामीटर म्हणत, कारण विचारल्याशिवाय ती काही सांगायची नाही आणि विचारलं तर दशांशासकट सांगायची. आत्ता ती त्या झाकणाकडे बघत होती. हातभर लांब, हातभर रुंद, पांढरंशुभ्र. लशी नेण्याच्या थंड पेटीवर ते बसायचं. त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे उचलले गेले होते, फार नाही, नखाएवढेच. पण नखाएवढ्या फटीतूनही गारवा निघून जातो, आणि गारवा गेला की आतली लस पाण्याच्या लायकीची उरते. आरोग्य खात्यानं झाकणं खोकीच्या खोकी परत पाठवली होती.

“कारण सापडलंय,” साहेब म्हणाले. “चार नंबरची मशीन. ही झाकणं तिथंच निघतात. तिथली ऑपरेटर वेळेआधी साचा उघडते. झाकण आत पुरतं घट्ट व्हायच्या आधीच बाहेर ओढायचं, जास्त नग दाखवायचे आणि शाबासकी मिळवायची. मी काल मशीनपाशी उभं राहून, सगळ्यांसमोर सांगितलं तिला, ही चोरी आहे म्हणून. घरी बसवलंय. शुक्रवारी कागद हातात देऊ.”

लॅबबाईचे कान तापले. चार नंबरची ऑपरेटर म्हणजे तिची वहिनी, सख्ख्या दादाची बायको. खोलीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, म्हणूनच प्रत्येक जण दुसरीकडे कुठेतरी बघत होता.

“तुमच्याकडून एक ओळ हवी फक्त,” साहेब तिला म्हणाले. “माल बरोबर आहे, दोष हाताळणीचा आहे, एवढंच. लॅबचे नमुने तर रोज पासच होतायत.”

ते खरं होतं. रोज एक झाकण लॅबमध्ये यायचं. ती ते गुळगुळीत दगडी लादीवर ठेवायची, दोन दिवस तसंच राहू द्यायची आणि मग चारी कोपऱ्यांखाली कागद सरकवून बघायची. कागद कधी आत गेला नव्हता.

“म्हणजे पुरावा तुम्हीच दिलाय,” साहेब म्हणाले. “लॅबला जाणारं झाकण सरळ, गिऱ्हाइकाला जाणारं वाकडं. ह्याचा अर्थ काय होतो? नमुना द्यायच्या वेळी बाई शहाण्यासारखी वागते. आपली पाठ वळली, की मग तिचं राज्य.”

लॅबबाईला जास्त राग आला तो ह्या बोलण्याचा. कारण त्यात कुठेही फट नव्हती.

“मध्यंतरी प्लॅस्टिकात घालायची पावडर बदलली का?” तिनं विचारलं.

खरेदीवाले खुर्चीत जरा सरळ झाले. “हो, बदलली. आधी टाल्कची होती, आता चुनखडीची. पण त्यात काय आहे? बारीकपणा तोच, पांढरेपणा तोच. नुसती भर हो ती, प्लॅस्टिक कमी लागावं म्हणून घातलेली. प्लॅस्टिक आहे तेच आहे.”

“मला कळवलं नाहीत.”

“कळवायचं काय त्यात? तुमचे नमुने पास होत होते की!” आणि ते पुन्हा हसले.

“मी आत्ता ओळ देत नाही. आधी बघते.”

“बघा ना. शुक्रवारच्या आत बघा,” साहेब म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, “नात्यातलं प्रकरण आहे, तेव्हा जरा जपून. लोक बोलतात.”

लोक म्हणजे कोण, ते तिला कळलं. तिनं टेबलावरचं झाकण उचललं, काखेत मारलं आणि बाहेर पडली.

संध्याकाळी घरात शिरताना स्वयंपाकघरातून घासण्याचा आवाज येत होता. वहिनी शेगडी घासत होती. शेगडी आधीच स्वच्छ होती, पण वहिनीला काहीतरी घासायला हवं होतं.

“या वन्सं, या,” ती वळूनही न बघता म्हणाली. “बसा. चोराच्या घरचा चहा चालेल ना तुम्हाला?”

लग्न होऊन आल्या दिवसापासून वहिनी तिला ‘तू’ म्हणत आली होती. ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’ ही ठेवणीतली हत्यारं होती, आणि ती बाहेर निघाली म्हणजे प्रकरण गंभीर.

“तिला कशाला बोलतेस?” दादा पेपरमागून म्हणाला.

“तुम्ही पेपर वाचा. आधी सरळ धरा मात्र, मघापासून उलटा आहे.”

दादानं पेपर सरळ केला. लॅबबाईनं झाकण भिंतीला टेकवलं आणि ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिली.

“वहिनी, तू कधी हातानं साचा उघडलास? वेळेआधी?”

घासणी थांबली.

“तूसुद्धा?”

“मला विचारावं लागतं.”

“का लागतं? साहेबाला तर विचारावंसंही वाटलं नाही.” वहिनी वळली. हात फेसानं भरलेले होते, आणि ते तसेच हवेत धरून ती बोलायला लागली. “ऐक मग. साचा किती वेळ बंद राहायचा ते घड्याळ मशीनच्या पोटात आहे. वेळ झाली की तो आपला आपण उघडतो. मी झाकण काढते, ठेवते, दार ओढते, संपलं. बाकीचे दार ओढायच्या आधी एक जांभई देतात, मी देत नाही. म्हणून माझे नग जास्त. जांभई न देणं ही चोरी असेल तर लिही तसं तुझ्या कागदात. आणि मला चोर ठरवलं कोणी? तुझ्या लॅबनं! लॅबला दिलेलं झाकण सरळ असतं म्हणे. मी काय झाकणाच्या कानात सांगते का, बाबा रे, तू आज लॅबला चाललायस, नीट बस?”

पेपरमागून एक चमत्कारिक आवाज आला. दादानं तो खोकल्यात घालवला.

“हसा,” वहिनी म्हणाली. “सगळ्या शेडसमोर बोलला तो. माझ्याच मशीनला हात टेकून. ज्यांना मी काम शिकवलं ते सगळे माना खाली घालून उभे होते. एकानंही वर बघितलं नाही गं माझ्याकडे.” मग तिनं नळ मोठा सोडला आणि बराच वेळ हात धुतले.

समजूत घालणं लॅबबाईला कधी जमलं नव्हतं. तिची नजर कोपऱ्यातल्या तांदळाच्या पिंपावर गेली. त्यावर एक झाकण होतं, पांढरं, हातभर लांब, हातभर रुंद. काळा ठिपका पडल्यामुळे नाकारलेलं, कारखान्यानंच कधीकाळी कामगारांना वाटून टाकलेलं. वहिनी त्यावर गरम पातेली ठेवायची, ओली भांडी उपडी घालायची, वरच्या फळीवरचं काढायचं असलं तर त्यावर पाय देऊन चढायचीही. लॅबबाईनं ते उचललं, फरशीवर ठेवलं आणि कोपरा दाबला. आवाज नाही. दुसरा कोपरा. आवाज नाही. मग तिनं बरोबर आणलेलं नवं झाकण शेजारी ठेवून दाबलं. टक्.

“सुरी दे,” ती म्हणाली.

“कशाला?”

“ह्याचा कोपरा हवाय. चिमूटभरच.”

“माझ्या पिंपाच्या झाकणाचा?” वहिनीनं सुरी दिली, पण ओठ आवळून. “घ्या. पिंपही न्या हवं तर. चोरीचाच माल असेल.”

लॅबमध्ये एक लहानसं यंत्र होतं. त्यात प्लॅस्टिकचा कण ठेवायचा, तो वितळवायचा आणि मग ठरलेल्या गतीनं थंड होऊ द्यायचा. थंड होताना कण मध्येच थोडी उष्णता बाहेर टाकतो. ती कोणत्या तापमानाला टाकली ते यंत्र नोंदवतं, कागदावर एक उंचवटा उमटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबबाईनं पिंपाच्या, म्हणजे टाल्कच्या काळातल्या झाकणाचा कण त्यात घातला, नंतर परत आलेल्या झाकणाचा.

ह्या प्लॅस्टिकचं एक गुपित तिला विद्यार्थिदशेपासून आवडत आलं होतं. वितळलेलं असताना आत लांबच लांब साखळ्यांचा नुसता गुंता असतो. थंड व्हायला लागलं की त्यांतल्या कित्येक साखळ्या घड्या घालून एकमेकींशेजारी नेटक्या बसतात. ते स्फटिक. नेटकं बसलं की जागा कमी लागते, म्हणून वस्तू आकसते, आणि घट्टही होते. अडचण असते ती सुरुवातीची. मोकळ्या मैदानात माणसांना रांग लावा म्हटलं तर गोंधळ होतो, कोण पुढं कोण मागं ठरत नाही. तिथे एखादी भिंत असली तर लोक आपसूक भिंतीला धरून उभे राहतात. टाल्कचे चपटे पापुद्रे म्हणजे अशा असंख्य लहान लहान भिंती. साखळ्यांना त्या मानवतात. पुरेशी ऊब असतानाच त्या तिथे बसायला सुरुवात करतात आणि भराभर बसून घेतात. चुनखडीचे कण ओबडधोबड, शिवाय नीट मिसळावेत म्हणून त्यांना तुळतुळीत मुलामा दिलेला. साखळ्या त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

दोन्ही उंचवटे शेजारी शेजारी उमटले. पिंपाच्या झाकणाचा आधी आला. नव्याचा बारा अंश आणखी थंड झाल्यावर, आणि पसरट, रेंगाळत.

आणि म्हणे नुसती भर! तिनं कागद टेबलावर ठेवला आणि तळहातानं दाबून धरला. मशीनच्या पोटातलं घड्याळ टाल्कच्या काळात लावलेलं. पावडर बदलली, घड्याळ तेच राहिलं. झाकण साच्याबाहेर यायचं तेव्हा वरून घट्ट दिसायचं, पण आतल्या साखळ्या अजून जागा शोधत असायच्या. मग त्या बाहेर, उघड्यावर बसायच्या. कडा लवकर थंड व्हायच्या, मधला भाग उशिरा, जो तो आपल्या वेळेला आकसायचा आणि कोपरे उचलले जायचे. तेही लगेच नाही. खोक्यात, ट्रकमध्ये, दवाखान्याच्या फळीवर. ह्यात कोणाच्याही हाताचा संबंध नव्हता.

पण मग ती थांबली. दोष पावडरीचा असेल तर लॅबमध्ये येणारं झाकणही वाकायला हवं होतं. तेही त्याच पावडरीचं. ते का वाकत नाही? साहेबांच्या बोलण्यातला तो मुद्दा तसाच उभा होता, टाल्कवर कितीही भाषण केलं तरी हलणार नव्हता. आज हा कागद घेऊन गेली असती तर साहेबांनी एवढंच विचारलं असतं, आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं. अर्धं उत्तर घेऊन ती कुठे जात नसे.

जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी ती शेडमध्ये गेली. इतक्या वर्षांत ती शेडमध्ये क्वचितच आली होती. नमुना लॅबमध्ये येत असे, जावं लागत नसे.

चार नंबरवर शिट्टी होता. सतत शिट्टी वाजवतो म्हणून शिट्टी. आज वाजवत नव्हता. तिला बघून तो घाईनं म्हणाला, “लॅबबाई, मी मशीन मागून घेतली नाही हं. मला उभं केलं इथं.”

“मी काही म्हटलं नाही.”

“तुम्ही काही म्हणत नाही हेच तर भ्या वाटण्यासारखं असतं.”

ती बाजूला उभी राहिली. साचा बंद व्हायचा, आत गरम प्लॅस्टिक शिरायचं, थोडा वेळ जायचा, साचा उघडायचा. शिट्टी झाकण काढून गाडीवर रचायचा. एकदाही त्यानं घड्याळाच्या आधी काही उघडलं नाही. मग भोंगा झाला. साच्यात नुकतंच प्लॅस्टिक भरलं होतं. शिट्टीनं साचा तसाच बंद ठेवून मशीन थांबवली आणि डबा उचलला.

“आत झाकण आहे ना?” तिनं विचारलं.

“असू द्या की. कुठं पळून जातंय?”

“मग ते कधी काढणार?”

“जेवून आलो की. जरा चिकटतं, पण निघतं.”

ती जेवायला गेली नाही. सुट्टी संपेपर्यंत तिथेच, बंद मशीनसमोर उभी राहिली. शिट्टी परत आला, त्यानं साचा उघडला, झाकण थोडं ओढून काढलं. पण ते गाडीवर न रचता त्यानं शेजारच्या निळ्या टोपलीत ठेवलं.

“हे वेगळं का ठेवलंत?”

“हे तुमचं ना. लॅबचं.” शिट्टीला प्रश्नाचंच नवल वाटलं. “जेवणानंतरचं पहिलं झाकण लॅबला.”

“कोणी ठरवलं?”

“ठरवलं असं नाही, पहिल्यापासूनच आहे ते. तुमचा गाडीवाला जेवण झालं की फेरी मारतो. त्या वेळी हेच हाताशी असतं. का हो, काही चुकलं का?”

गाडीवाला दात कोरत आलाच. त्यानं निळ्या टोपलीतलं झाकण उचललं, तिला बघून दचकला आणि निघून गेला.

लॅबबाई तिथेच उभी राहिली. दिवसभरात निघणाऱ्या सगळ्या झाकणांपैकी हे एकच झाकण पूर्ण जेवणाची सुट्टी साच्याच्या पोलादी मुठीत काढत होतं. त्यातल्या साखळ्यांना सावकाश बसायला वेळ मिळत होता, आणि बसताना वाकायला जागा नव्हती. म्हणून ते सरळ. दिवसातलं जे एकच झाकण बाकीच्यांसारखं नव्हतं, तेच नेमकं रोज तिच्या टेबलावर येत होतं. इतके महिने ती कारखान्याची तपासणी करतच नव्हती. ती जेवणाच्या सुट्टीची तपासणी करत होती.

आणि एवढ्यावर एका बाईला चोर म्हटलं होतं. नमुना कुठून येतो हे कोणी विचारलं नाही, पावडर काय करते हे कोणी विचारलं नाही. बोट दाबून टक्-टक् ऐकलं आणि सगळ्यांत सोपं माणूस उचललं. तिला एकदम इतका संताप आला की शेडमधला आवाज क्षणभर ऐकू येईना.

“आता चालू मशीनमधली झाकणं द्या मला,” ती शिट्टीला म्हणाली. “एकामागून एक. मी सांगेन तेव्हा थांबा.”

शुक्रवारी सकाळी ती झाकणं घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. काढली त्या दिवशी ती आरशासारखी सपाट होती. दोन दिवसांत एकूण एक वाकली होती. तिनं एक टेबलावर ठेवलं आणि कोपरा दाबला. टक्.

“हे शिट्टीच्या हातचं आहे,” ती म्हणाली. “मी समोर उभी होते. वहिनी घरी होती.”

साहेबांनी झाकण उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाले, “म्हणजे तोही तसलाच. दोघांनाही काढू.”

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “साहेब, मी समोर उभी होते म्हटलं. त्यानं काही उघडलं नाही. हे पावडरीमुळे होतंय.” आणि तिनं सांगितलं. कागद दाखवला, दोन उंचवटे दाखवले, जेवणाची सुट्टी आणि निळी टोपली सांगितली. एकदम इतकं ती त्या खोलीत कधीच बोलली नव्हती. खरेदीवाले या वेळी हसले नाहीत. “दोन्ही पांढऱ्याच की हो,” एवढंच ते पुटपुटले.

साहेबांना कळलं. ते मूर्ख नव्हते, आणि हेच तिला नंतर जास्त टोचत राहिलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज मऊ केला.

“हे बघा. आरोग्य खात्याच्या बाई आल्यात, खाली चहा घेतायत. त्यांच्यापुढं हे टाल्क-बिल्क काढू नका. आपण जुनी पावडर हळूच परत आणू. तुमच्या वहिनींनाही घेऊ. ‘पुन्हा अशी चूक होणार नाही’ एवढं लिहून देऊ दे त्यांना, की झालं. मी माफ केलं समजा.”

“कशाबद्दल?”

“काय कशाबद्दल?”

“माफ कशाबद्दल केलंत?”

तेवढ्यात दारावर टकटक झाली. आरोग्य खात्याच्या तपासणीस बाई आत आल्या. वयस्कर, खांद्याला जड पिशवी, फिरून फिरून दमलेल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, “मला परत जायला लांब आहे. कारण काय ते सांगा.”

“कारण सापडलंय बाई,” साहेब चटकन म्हणाले. “एका ऑपरेटरची चूक होती. तिला कडक समज दिलीय. यापुढं असं होणार नाही.”

लॅबबाई भिंतीशी उभी होती. ती कोणाचं बोलणं तोडत नसे. लहानपणी दादाचंसुद्धा तिनं कधी तोडलं नव्हतं.

“चूक ऑपरेटरची नव्हती,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “कोणाला समज दिलेली नाही, आणि द्यायचीच असेल तर तिला नको. आम्ही पावडर बदलली आणि साचा बंद ठेवायचा वेळ बदलला नाही. झाकण आतून बसायच्या आत बाहेर येतं आणि मग बाहेर बसताना वाकतं.”

“लॅबबाई,” साहेब म्हणाले.

“मला पुरं करू द्या.”

तपासणीस बाईंनी पिशवी खाली ठेवली. “म्हणजे जी झाकणं आम्ही सरळ आहेत म्हणून ठेवून घेतलीत, ती?”

“तीही वाकतील. काही एव्हाना वाकली असतील. सगळी परत पाठवा.”

“पण तुमच्या लॅबनं ती पास केली होती.”

“हो. आमच्याकडे येणारं झाकण जेवणाची सुट्टीभर साच्यात राहिलेलं असायचं. कोणी लबाडी केली नाही. सोयीचं होतं म्हणून तेच उचललं जायचं, आणि मी कधी विचारलं नाही ते कुठून येतं.”

तपासणीस बाईंनी खुर्ची टेबलापाशी सरकवली. मग त्यांनी टेबलावरचं झाकण जवळ ओढलं आणि कोपऱ्यावर बोट दाबलं. टक्. त्या साहेबांकडे वळल्या.

“ह्या झाकणाखाली ठेवलेल्या लशी मुलांना टोचतात, साहेब,” त्या म्हणाल्या. “समज कोणाला दिलीत म्हणालात?”

त्या दिवशी संध्याकाळी निरोप घेऊन आला तो फाटकावरचा रखवालदार. सोमवारपासून कामावर या. बस, एवढाच.

“आणखी काही म्हणाले?” वहिनीनं त्याला विचारलं.

“नाही बाई. एवढंच सांग म्हणाले.”

तो गेल्यावर वहिनी पिंपाच्या कुरतडलेल्या झाकणाकडे बघत म्हणाली, “ह्याच्यातून आता मुंग्या शिरणार.”

“नवं आणून देईन.”

“नको, नव्यांचं काही सांगता येत नाही.” मग थोड्या वेळानं, “चुकलो, असं म्हणाला का गं तो? तुझ्यापाशी तरी?”

“नाही.”

“तू काय म्हणालीस?”

लॅबबाईनं सांगितलं. दादानं पेपर खाली ठेवला. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं, आणि मधेच एकदा म्हणाली, “जेवणानंतरचं झाकण लॅबला जातं हे तुला माहीत नव्हतं? अगं, आख्ख्या कारखान्याला माहीत आहे!”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“तू खाली उतरलीस तर सांगणार ना.” पण हे बोलताना ‘वन्सं’ नव्हतं, आणि लॅबबाईच्या पानात पहिलं वाढप पडलं.

सोमवारी टाल्कची पोती शेडमध्ये परत आली होती. वहिनी चार नंबरवर जाऊन उभी राहिली, हातमोजे घातले, आणि मशीन सुरू केली नाही. भोंगा होऊन गेला. दोन्ही बाजूंच्या मशीनी चालू झाल्या, मग त्या चालवणाऱ्यांनी वहिनीकडे बघितलं, आणि एकेक करून त्याही थांबल्या. शिट्टीनंही आपली थांबवली. लॅबबाई निळी टोपली घेऊन आली होती, स्वतःच, आणि थोडी लांब उभी होती. शेडमध्ये एवढी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती.

साहेब तरातरा आले. “काय झालं? मशीन का बंद आहे?”

“त्या दिवशी तुम्ही इथं उभे होतात, साहेब,” वहिनी म्हणाली. “जरा आणखी इकडं. हा, इथं. हात असा मशीनला टेकलेला होता.”

“मग?”

“तिथंच उभं राहून सांगा की आता.”

साहेबांनी आजूबाजूला बघितलं. कोणाचीही मान खाली नव्हती. ते काहीतरी म्हणाले, तोंडातल्या तोंडात.

“काय म्हणालात?”

“चूक झाली म्हटलं. माझी. ऐकू आलं ना?”

“मशीन बंद आहे साहेब,” वहिनी म्हणाली. “सगळ्यांनाच ऐकू आलं.”

तिनं दार ओढलं. साचा बंद झाला. शेजारच्या मशीनी एकामागून एक पुन्हा सुरू झाल्या आणि त्या आवाजात साहेब कधी निघून गेले ते कळलं नाही. घड्याळाच्या वेळेला साचा उघडला. वहिनीनं झाकण बाहेर काढलं, तेव्हा लॅबबाईनं टोपली पुढे केली.

“हे नको गं,” वहिनी म्हणाली आणि ते बाजूला ठेवलं. “हे बंद मशीनचं पहिलं. ह्याच्यावरून काही कळत नाही. थांब जरा, मधलं देते.”